पेण-रोहा गाडीतले पंच

माझी चूक पहिल्यांदा जाहीर झाली ती पेण-रोहा एसटीत, गच्च भरलेल्या गाडीसमोर. वडखळ नाक्यावर चढून मी मधल्या खांबाला धरून उभी होते. कंडक्टर तिकिटं देत देत माझ्यापर्यंत आले. मी पास पुढं केला. त्यांनी तो पाहिला, परत दिला आणि शेजारच्या माणसाचं तिकीट काढता काढता साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काल तीन पावलं झाली तुझी. दोनदा झाली."

पुढच्या सीटवरच्या दोन बायांनी वळून माझ्या पायांकडं पाहिलं. मी लाजून चूर झाले. कंडक्टरांना त्याचं काही नव्हतं. ते त्या बायांनाच समजावून सांगायला लागले, "चेंडू हातात धरल्यावर दोन पावलं टाकायची मुभा हाय. तिसरं पडायच्या आत चेंडू सोडायचा. तिसरं पडलं की ट्रॅव्हलिंग, शिट्टी. ही पोर तिसरं टाकते, आणि तिला वाटतं कुणाला दिसत नाय." आणि दोरी दोनदा ओढून ते पुढं सरकले.

कंडक्टरला आमच्याकडं मास्तर म्हणतात, म्हणून गाडीत ते मास्तर. आणि दर रविवारी रायगडच्या कॉलेजांच्या मॅचेसना शिट्टी घेऊन उभे राहणारे बास्केटबॉलचे पंचही तेच. तिथं पोरं त्यांना सर म्हणायची. मी दोन्हीकडं मास्तरच म्हणत राहिले. गेल्या वर्षी मास्तर गेले. मला खेळायला लावलं त्यांनी, खेळ शिकवला निम्म्याहून अधिक त्यांनी, आणि ते शिकवणं मी माझ्या हातानं बंद पाडलं. त्यांच्याबद्दल कुणी विचारलं तर मी आधी त्यांच्या सवयी सांगत बसते, कारण त्या सांगायला सोप्या आहेत.

त्यांच्या सवयी कशा, तर मॅचच्या आधी ते कुठल्याही कॉलेजचा चहा घ्यायचे नाहीत. पाणीसुद्धा नाही. खांद्याच्या पिशवीत स्वतःची बाटली असायची. मॅच संपली की मात्र चहा घ्यायचे, आणि तो हरलेल्या संघाबरोबर. जिंकलेले बोलवायला आले तर म्हणायचे, "तुमच्याकडं आज गर्दी हाय." मग हरलेल्या पोरांमध्ये पायरीवर बसून, कप बशीवर न ठेवता तळहातावर घेऊन, प्रत्येकाला त्याची चूक सांगायचे. हरलेल्याला त्या वेळी चूक ऐकायची नसते, हे त्यांना कुणी तरी सांगायला हवं होतं. पण कुणी सांगितलं नाही, आणि खरं म्हणजे त्या चहाची आम्हाला सवय झाली होती.

पिशवीत एक मोजपट्टी असायची. ग्राउंडवर पाऊल टाकलं की आधी रेषा मोजायचे. आमच्या रोह्याच्या कॉलेजातली फ्री थ्रोची रेषा वर्षानुवर्षं चार बोटं पुढं होती. कुणाला पत्ता नव्हता. मास्तरांनी ती शिपायाकडून खरवडून पुन्हा आखून घेतली आणि मगच मॅच सुरू केली. पाहुणा संघ पाऊण तास उन्हात उभा. आमचे स्पोर्टचे सर चिडून म्हणाले, "अहो, चार बोटांनी काय होतं?" मास्तर म्हणाले, "चार बोटांनी काय होत नसतं तर पोरींना रोज कशाला बोलावता सकाळी सहाला?"

आणि एवढं सगळं असून त्यांना स्वतःला खेळता यायचं नाही. अजिबात नाही. एकदा पोरांनी फारच आग्रह केला म्हणून त्यांनी चेंडू रिंगकडं फेकला, तो बोर्डालाही न लागता मागच्या निवडुंगात गेला. ते हसले नाहीत, ओशाळलेही नाहीत. "हे माझं काम नाय," म्हणाले, आणि स्वतः जाऊन काट्यांतून चेंडू काढून आणला.

पंच ते कसे झाले, याची गोष्ट त्यांनीच मला भिसे खिंडीत गाडी बंद पडली होती तेव्हा सांगितली. नोकरीला लागून चारपाच वर्षं झाली होती. रोह्याच्या स्टँडवर दोन फेऱ्यांच्या मध्ये तास-दीड तास मोकळा मिळायचा. ते आपले डबा खाऊन कॉलेजच्या भिंतीवरून मॅच बघत बसायचे. एक दिवस पंचांचं चुकलं असं त्यांना वाटलं आणि त्यांनी भिंतीवरूनच आवाज दिला. पंच तिथं येऊन म्हणाले, "एवढं कळतंय तर परीक्षा देऊन या." चेष्टाच केली होती. मास्तरांनी नियमांचं पुस्तक मिळवलं, शब्दकोश घेऊन वर्षभर वाचलं आणि परीक्षा दिली. "पहिल्यांदा नापास झालो," ते म्हणाले. "शिट्टी वाजवायला उशीर होतो म्हणाले. दुसऱ्यांदा पास. मग ठरवलं, उशीर करायचा नाय."

कॉलेजातली पोरं त्यांच्यावर विनोद करायची, की हा माणूस आठवडाभर लोकांना ट्रॅव्हलिंग करवतो आणि रविवारी ट्रॅव्हलिंग केलं म्हणून शिट्टी मारतो. त्यांच्या कानावर ते गेलं होतं. त्यांना तो विनोद आवडला होता, पण हसायचं कुठं हे कळलं नसावं.

मी त्यांच्या नजरेत आले ती उंचीमुळं. घरी भाताची आणि वालाची शेती. आमच्या घरात सगळेच उंच, त्यामुळं आपण उंच आहोत हे मला फार उशिरा समजलं. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात मी गाडीत शिरताना वरच्या दांडीला डोकं आपटलं. मास्तरांनी मला नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं. वाईट नजरेनं नव्हे, एखादं सामान टपावर मावेल का बघावं तसं.

"कितवीला गो?"

"एफवायला."

"काय खेळतेस?"

"काय नाय."

"उद्या सकाळची पावणेपाचची गाडी पकड. ग्राउंडवर जा. सरांना सांग, कंडक्टरनं पाठवलंय."

मला वाटलं, मस्करी करतात. दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्याच गाडीला गेले. त्यांनी पास बघितला आणि परत दिला नाही. "उद्या पहाटे ग्राउंडवर गेलीस की परवा मिळेल," म्हणाले आणि पास स्वतःच्या खिशात घातला. पाटीवाली मावशी, सुक्या मासळीची पाटी घेऊन रोज नागोठण्याला उतरायची ती, म्हणाली, "दे रे तिचा पास, मास्तर, पोर रडंल." ते म्हणाले, "रडू दे. उंची फुकट जाण्यापेक्षा बरं."

तर अशी मी बास्केटबॉलला लागले. सिमेंटचं ग्राउंड, एका कोपऱ्यात भेग, रिंगला जाळी नाही. धाटावच्या कंपन्यांची पहिली शिफ्ट भरायच्या वेळी आमच्या फेऱ्या चालू असायच्या, आणि कामगार सायकलवरून जाताना मान वळवून बघायचे. सहा महिन्यांत मी संघात आले, वर्षभरात पहिल्या पाचात. कॅप्टन सुजाता माझ्याकडं चेंडू टाकायची, आणि मी दोन ढांगांत रिंगखाली. दोन ढांगांत म्हणजे तीन ढांगांत. तो रोग मला सुरुवातीपासून होता. डावा, उजवा आणि मग चेंडू सोडण्याआधी डावा पाय हळूच पुन्हा टेकायचा. इतका हळू, की सरांना दिसायचा नाही, पोरींना दिसायचा नाही. मास्तरांना दिसायचा. सराव बघायला ते दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात भिंतीशी येऊन उभे राहायचे आणि दुसऱ्या दिवशी गाडीत हिशेब द्यायचे.

"काल चारदा."

"काल दोनदा. बरं हाय."

"काल एकदाच. पण ती फार वाईट होती."

दुसऱ्या वर्षाच्या मध्यापर्यंत सगळी गाडी माझी पावलं मोजायला लागली होती. पाटीवाली मावशी चढता चढता विचारायची, "आज किती गो?" मी "एकच" म्हटलं की पाटीवरचं फडकं सारखं करत म्हणायची, "सुधारतंय हां." एक पोस्टमन होते, ते नागोठण्यापर्यंत मला कोपराचा कोन शिकवायचे. त्यांनी आयुष्यात चेंडू हातात घेतला नव्हता, मास्तरांचं ऐकून ऐकून शिकले होते. मला तेव्हा त्या सगळ्याची लाज वाटायची. सकाळी गाडी चुकावी असं वाटायचं. आता कधी कधी मनात येतं, माझ्या पावलांची एवढ्या लोकांना काळजी त्यानंतर कधी राहिली नाही.

मग ती फायनल झाली.

विभागाची आंतरमहाविद्यालयीन फायनल, आमच्याच ग्राउंडवर. रोहा विरुद्ध पेण. विद्यापीठाच्या शिबिरासाठी मुली निवडायला दोन माणसं मुंबईहून आली होती, ती टेबलापाशी बसली होती. मॅचला पंच दोन असतात. एक मास्तर, दुसरे अलिबागचे. मला आदल्या दिवशी मास्तरांनी गाडीत एवढंच सांगितलं होतं, "उद्या मी तुला ओळखत नाय." मी म्हटलं, "माहीत आहे, मास्तर."

शेवटचे काही सेकंद उरले होते आणि आम्ही एका गुणानं मागं होतो. सुजातानं चेंडू काढून माझ्याकडं फेकला. समोर एकच मुलगी होती, तिला मी चुकवली. डावा, उजवा. हात वर गेला. आणि चेंडू सुटण्याआधी डावा पाय टेकला. मला तो टेकलेला कळला. बुटातून, अंगठ्याच्या खाली, सिमेंट लागलं. चेंडू रिंगमध्ये गेला. पोरी किंचाळत माझ्या अंगावर आल्या, आणि त्या किंचाळण्याच्या आतून मला शिट्टी ऐकू आली. ती चेंडू आत जाण्याआधीच वाजली होती.

मास्तर छातीपुढं दोन्ही मुठी गरागरा फिरवत होते. ट्रॅव्हलिंग. बास्केट धरली नाही. उरलेला एक सेकंद पेणच्या मुलींनी चेंडू पोटाशी धरून काढला, आणि आम्ही हरलो.

ग्राउंडवर जे झालं ते मी सगळं सांगत नाही. आमची मुलं भिंतीवरून उतरली. कुणी चपला दाखवल्या. "पेणचा माणूस, पेणच्या डेपोचा," असं ओरडणं सुरू झालं. अलिबागचे पंच म्हणाले, मी लांब होतो, मला दिसलं नाही. कुणाच्या तरी मोबाईलवर ते दृश्य होतं, त्यात फक्त लोकांच्या पाठी दिसत होत्या. मास्तरांनी टेबलावर सही केली, पिशवी खांद्याला लावली आणि नेहमीसारखे आमच्याकडं, हरलेल्यांकडं, चहाला आले.

किटली सुजाताच्या हातात होती. तिनं मास्तरांकडं बघत बघत ती जमिनीवर रिकामी केली.

मास्तर म्हणाले, "बरं." पिशवीतली बाटली काढून दोन घोट पाणी प्यायले. मी पायरीवर बसून बुटाची नाडी सोडत होते. ते माझ्यासमोर थांबले. रागानं नाही. पास शोधायला वेळ लावणाऱ्या पोरासमोर थांबावं तसे थांबले. मी नाडीची गाठ सोडत राहिले. ती कधीच सुटली होती. थोड्या वेळानं त्यांचे पाय निघून गेले.

त्याच संध्याकाळी सरांनी तक्रार लिहिली. पंच पेणच्या डेपोत नोकरीला, पेणच्या संघाला झुकतं माप दिलं, असं. खाली माझं निवेदन होतं, सरांच्याच अक्षरात. मी दोनच पावलं टाकली होती, असं. सगळ्या पोरी सही करत गेल्या. माझी पाळी आली तेव्हा सरांनी विचारलं, "दोनच होती ना?" मी मान हलवली. सर वाईट नव्हते. त्यांना खरंच दोन दिसली होती. त्या खोलीत खोटी एकटी मीच होते.

समितीनं मॅच पुन्हा घेतली नाही. पण मास्तरांना चौकशी होईपर्यंत पंचांच्या यादीतून बाजूला ठेवलं. चौकशी कधी झालीच नाही. कुणाला गरज वाटली नाही, आणि मास्तर विचारायला गेले नाहीत. शिट्टी वाजली की वाद संपला, हे त्यांचंच म्हणणं. स्वतःविरुद्ध वाजली तेव्हाही त्यांनी ते पाळलं. आणि मी? मुंबईहून आलेल्या माणसांना माझ्यावर अन्याय झाल्यासारखं वाटलं. मला शिबिराचं पत्र आलं. ती हरलेली मॅच नसती, तर कदाचित आलं नसतं.

सोमवारी मी गाडीत चढले ती धास्तावूनच. काय बोलतील, सगळ्यांसमोर काय सांगतील. मास्तर माझ्यापर्यंत आले. "पास," म्हणाले. पाहिला. परत दिला. पुढं गेले.

एवढंच.

पाटीवाली मावशी म्हणाली, "काय मास्तर, आज पावलं नाय मोजलीत पोरीची?"

"माझं काम तिकिटाचं," ते म्हणाले.

त्यानंतर वर्षभर ते रोज असंच. पास, आणि परत. त्यांच्या आवाजात राग असता तर मी रडून मोकळी झाले असते. राग नव्हता. माझ्या अंगात मुरलेला तो धाक, ती लाज, ते "काल एकदाच, पण वाईट होती", सगळं एका दिवसात संपलं. आणि तेव्हा मला समजलं की पहाटे साडेतीनला उठून मी जी पळत सुटायचे, ती त्या एका वाक्यासाठी पळत होते. पुढं मी अर्ध्या तासानं मागची गाडी धरायला लागले. त्या गाडीचे कंडक्टर तरुण होते, पास बघतही नसत.

विद्यापीठाकडून मी दोन मोसम खेळले. लोकांना वाटतं, तिथं फार काटेकोर असतं सगळं. माझं तिसरं पाऊल तिथं कितीतरी दिवस कुणी पकडलं नाही. प्रत्येक वेळी पाय टेकला की मी शिट्टीची वाट बघायचे, आणि ती वाजायची नाही. गुण लागायचे. टाळ्या पडायच्या. मग दुसऱ्या मोसमात, परराज्यात, एका बाई पंचांनी एकाच मॅचमध्ये ते तीनदा धरलं. कोचनी मला बाहेर बसवलं. "एवढी वर्षं तुला कुणी सांगितलं नाही?" त्यांनी विचारलं. त्यानंतर मी बहुतेक बाकावरच होते. खेळाच्या कोट्यातून काही झालं नाही. बी.पी.एड. करून मी पेणला शाळेत शिक्षिका झाले, आणि मुलींना बास्केटबॉल शिकवायला लागले. त्यांची पावलं मी मोजते. गाडीत नाही, ग्राउंडवरच, हळू आवाजात.

मास्तरांकडं जायला मला बारा वर्षं लागली. आज जाऊ, उद्या जाऊ, असं नव्हतं ते. मी जाणार नव्हतेच. पण एक दिवस पेणच्या स्टँडवर पाटीवाली मावशी भेटली. आता पाटी नव्हती, सुनेनं घरी बसवलं होतं, दवाखान्यात चालली होती. मला ओळखलं तिनं, उंचीवरूनच. इकडचं तिकडचं बोलून म्हणाली, "मास्तर रिटायर झालं. आमच्या गावच्या बाजूलाच घर हाय त्यांचं, धरमतरच्या अलीकडं. घरीच असतात. कुठं जात नाय, कुणाकडं बसत नाय. माणूस किती बोलायचा, नाय?"

त्याच आठवड्यात मी गेले. खाडीच्या बाजूचं गाव, मिठागरांच्या बांधावरून रस्ता. मास्तर ओटीवर बनियनवर बसले होते, चष्मा लावून जुन्या छत्रीची काडी बसवत होते. अंगानं निम्मे झाले होते. काकी, म्हणजे त्यांच्या मिसेस, अंगणात जवळा पाखडत होत्या.

"मास्तर," मी म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "ये," म्हणाले. नाव विचारलं नाही. मी समोर बसले, पाणी प्यायले आणि बारा वर्षं ज्याची जुळवाजुळव केली होती त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"मास्तर, तीन होती."

त्यांनी छत्री बाजूला ठेवली. मग म्हणाले, "कुठला आधी?"

"डावा."

"डावा, उजवा..."

"आणि डावा. चेंडू हातातच होता."

त्यांनी डोळे मिटले. मांडीवर बोटं हलली, एक, दोन, आणि जराशी थांबून तीन. "व्हय," ते म्हणाले. "तसंच."

"तुम्हाला तर माहीतच होतं."

"तेव्हा माहीत होतं. शिट्टी मारली तेव्हा पक्कं होतं." ते खाडीकडं बघत होते. "मग रोज ते डोळ्यांपुढं आणायचो. गाडीत, जेवताना. कधी तीन दिसायची, कधी दोन. तू कागदावर लिहून दिलंस दोन, सगळ्या पोरींनी सही केली. एवढ्या पोरी खोटं कशाला बोलतील? पाचसहा वर्षांनी दोनच दिसायला लागली. मंग मी म्हटलं, आपलंच चुकलं. पोरीचं नुकसान केलं आपण."

मी त्यांचे पाय धरायला वाकले. त्यांनी पाय ओढून घेतले. "नको. तिकडं शिबिरात शिकवलं का कुणी तिसरं टाकायचं नाय म्हणून?"

"नाही."

"मग काय उपयोग?" ते एकदम चिडून म्हणाले. "मी बोलायला पायजे होतं. गाडीत सांगायचं थांबवलं, ते चुकलं माझं."

त्यानंतर पुढली दोन वर्षं मी त्यांच्याकडं अधूनमधून जात राहिले. माझ्या मुलींचे व्हिडिओ दाखवले की ते मोबाईल नाकाशी धरून बघायचे आणि सगळ्यांच्या चुका काढायचे. समितीला मी लिहिते म्हटलं, तर त्यांनी नको म्हटलं. ती माणसं राहिली नाहीत, म्हणाले. शेवटचा पावसाळा त्यांना झेपला नाही. मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. पण मला सांगायचं आहे ते त्या पहिल्याच दिवसाचं, अजून थोडं उरलंय.

काकींनी सगळं ऐकलं होतं. सूप भिंतीला टेकवून त्या ओटीशी आल्या. मला वाटलं, आता चहाचं विचारतील. त्या म्हणाल्या, "सही करताना सगळ्यांच्या समोर केलीस ना गो?"

"हो, काकी."

"मंग आता एकट्या ह्यांना सांगून जाशील व्हय? चल."

"अगं, राहू दे," मास्तर म्हणाले.

"तुम्ही बसा. बारा वर्षं बसलात, आणखी घटकाभर बसा." काकींनी माझं मनगट धरलं. हात जवळ्याच्या वासाचा, खरखरीत, आणि पकड अशी की सुटायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी मला आळीत नेलं.

पहिल्या घरी एक माणूस जाळं दुरुस्त करत बसला होता. "सांग," काकी म्हणाल्या. मी सांगितलं. तीन पावलं होती, मी खोटी सही केली, मास्तरांचं काही चुकलं नव्हतं. तो माणूस गोंधळून म्हणाला, "कसली पावलं?" काकी म्हणाल्या, "ह्यांना पेणवाल्यांनी पैसे देऊन फिरवलं म्हणून तूच बोलला होतास ना चावडीवर? ऐक आता." मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तो जाळ्याकडं बघत "बरं, बरं" म्हणाला. दुसऱ्या घरी सून एकटी होती, तिला लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. तिलाही सांगायला लागलं. तिनं बिचारीनं पदर सावरून, समजल्यासारखं सगळं ऐकून घेतलं.

तिसऱ्या घरी एक म्हातारी पडवीत बिरडं सोलत बसली होती. भिजवलेल्या वालांची सालं एका बाजूला, डाळिंब्या सुपात. मी तिसऱ्यांदा सांगितलं. म्हातारीनं सोलणं न थांबवता सगळं ऐकलं.

"मंग नोकरी गेलती काय त्याची?"

"नाही," मी म्हटलं. "एसटीतली नोकरी होतीच."

"पगार कापला?"

"नाही."

"पोलीस आलते?"

"नाही हो, आजी."

"मंग गेलं काय त्याचं?"

मी सांगायला लागले. पंचांची यादी असते, त्यातून नाव काढलं, चौकशी राहून गेली. म्हातारी माझ्या तोंडाकडं बघत होती. तिला त्यातलं काहीही पोचत नव्हतं. मी अडखळले आणि थांबले.

काकी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. मघापासूनचा त्यांचा सगळा आवेश एकदम उतरला.

"रविवार गेले गो ह्यांचे," त्या म्हणाल्या. "सकाळी उठून अंघोळ करून, कपडं करून बसायचं. आणि जायचं कुठंच नाय. बारा वर्षं."

म्हातारीचे हात थांबले. यादी, चौकशी, तक्रार यांतलं काही न समजलेल्या त्या बाईला हे लगेच समजलं. तिनं अर्धवट सोललेला वाल तसाच सुपात ठेवला आणि मास्तरांच्या घराच्या दिशेनं, ते ओटीवर बसले होते तिकडं, बघत राहिली.